सात खोल्यांचं मंत्रिमंडळ

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातसुद्धा विचारली नाही. त्या काळी ठाण्यात जात विचारल्यावाचून कुणी ओसरीवर टेकू देत नसे, त्यामुळे मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मला पगडीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तीन नंबरची रिकामी आहे. लॉर्ड प्रिव्ही सील. जमेल का?"

मला वाटलं, आधी कुणी टोपीवाला साहेब राहून गेला असेल, त्याचं हे नाव. मी म्हणालो, "जमेल. त्यांचं सामान हलवलंय ना?"

"त्या हुद्द्याला सामान नसतं," ते म्हणाले.

जात मागाहून त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी विचारली, मासे खाता का तेही विचारलं, आणि दोन्ही उत्तरं ऐकून आतून पाट आणून ठेवला. असा मी तलावपाळीच्या मागच्या त्या घरात राहायला गेलो. मी पेणकडचा, नुकताच रेल्वेच्या माल-ऑफिसात चिकटलेला, एकटा जीव. घरमालकांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. आता इतक्या वर्षांनी ठाणं म्हटलं की लोक डोक्याशी बोट फिरवून हसतात, कारण वेड्यांचं इस्पितळ तिथे झालं. आमच्या वेळी ते नव्हतं. आबांचं घर होतं.

आबांनी उभा जन्म कलेक्टरकचेरीत नक्कलनविशी केली. हुकूम एकाचा, सही दुसऱ्याची आणि अक्षर आबांचं. मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर, पण त्या अक्षरात स्वतःचं एक वाक्य लिहायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. साहेब आले, साहेब गेले, कुणी कमिशनर झाला, कुणी आजारी पडून विलायतेला परतला. आबा जिथे बसले होते तिथेच बसून राहिले. शिपाईसुद्धा त्यांना "ओ नक्कल" अशी हाक मारत. हे मला काकूंनी सांगितलं. आबा स्वतः कचेरीबद्दल चकार शब्द काढत नसत.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका जाणाऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात आबांनी एक पेटी घेतली. पेटीत काच नसलेला दिवा, बूट काढायची खाचेची लाकडी फळी, साबणाची बशी आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. सत्तरेक वर्षांपूर्वीच्या विलायत सरकारातले सगळे हुद्दे त्यात लिहिलेले होते. कोणता मंत्री, त्याचं खातं काय, बसायचं कुठे, कुणाच्या मागून चालायचं. शेवटच्या पानावर राजाच्या प्रकृतीबद्दल डॉक्टरांचं निवेदन होतं, की महाराजांना बरं नाही आणि आराम पडण्याचं चिन्ह दिसत नाही. पहिल्याच पानावर मुख्य मंत्र्याची माहिती असावी, पण ते पान कसरीने खाल्लं होतं.

आबांनी ते पुस्तक वर्षभर वाचलं आणि मग घराला लागू केलं.

मास्तर म्हणून आमचे पहिल्या खोलीतले भाडेकरू होते, मराठी शाळेत शिकवायचे. त्यांनी एकदा धीर करून आबांना सांगितलं, की या पुस्तकातली सगळी मंडळी केव्हाच मातीत गेली, तिथे आता दुसरं सरकार आहे. आबा जराही डगमगले नाहीत. "माणसं जातील हो, हुद्दा कुठे जातो?" ते म्हणाले. "फडणीस मेला म्हणून फडणिशी मेली का? कल्याणला जाऊन या. गूळखोबरं विकणारा फडणीस दाखवतो तुम्हाला. दोन पिढ्यांत हातात लेखणी धरली नाही त्याने, पण आहे ना फडणीस? तसे यांचे मुलगे, नातू असतील तिकडे. हुद्दा म्हणजे वतन. आणि वतन जमिनीला चिकटलेलं असतं."

जमिनीला चिकटलेलं म्हणून आमच्या घरी हुद्दे खोल्यांना चिकटलेले होते. जो त्या खोलीत राहील तो त्या हुद्द्याचा धनी. मास्तरांची पहिली खोली म्हणजे लॉर्ड चान्सेलर. पुस्तकात तो पोत्यावर बसून न्याय करतो असं होतं, म्हणून मास्तरांना रुईने भरलेलं गोणपाट मिळालं होतं आणि घरातली भांडणं त्यांनी त्याच्यावर बसूनच ऐकायची असा नियम होता. दुसऱ्या खोलीत जेलमधले एक कारकून राहत. ते आरमाराचे मंत्री, म्हणजे विहीर, रहाट आणि पोहरा त्यांच्या ताब्यात. चौथ्या खोलीत लाकूडफाटा आणि गोवऱ्या रचलेल्या असत, तो तोफखाना. सहावी स्वयंपाकघराची. तिथल्या काकूंना आबांनी पहिल्या दिवशी गंभीरपणे सांगितलं, "आजपासून तू गृहमंत्री."

"मग काल कोण होते?" काकू म्हणाल्या आणि कढीला फोडणी दिली.

पाचवी खोली म्हणजे गोठा. तिचा हुद्दा होता डचीचा, म्हणजे ड्यूकच्या जहागिरीचा, चान्सेलर, आणि त्या खोलीत म्हैस बांधलेली होती. नियम तो नियम. आबा तिला नावाने नव्हे, हुद्द्याने हाक मारत आणि तीही मान वळवून बघत असे.

राहिली सातवी. सगळ्यांत मोठी, दोन खिडक्या तळ्यावर उघडणाऱ्या, भर उन्हाळ्यात गार. ती मुख्य मंत्र्याची. पण मुख्य मंत्र्याचं पान कसरीच्या पोटात गेलेलं, तेव्हा तिथे राहायचं कुणी आणि कोणत्या अधिकाराने? आबांनी तिला कुलूप लावलं. स्वतः ओसरीवर सतरंजी टाकून झोपत. एकदा मी विचारलं, की तुम्हीच का होत नाही मुख्य मंत्री? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दुसऱ्याच्या पानातली पोळी उचलली होती.

माझ्या हुद्द्याचं काम काय, हेही मी विचारलं होतं.

"खासगी शिक्का सांभाळायचा."

"शिक्का कुठे आहे?"

"विलायतेत."

"मग मी काय सांभाळू?"

आबा विचारात पडले. चार दिवसांनी त्यांनी काकूंचा पेढ्यांवर नक्षी उठवायचा लाकडी ठसा मला आणून दिला. मधे कमळ, भोवती वेलबुट्टी. मी तो ट्रंकेत ठेवला. पुढे गणपतीला काकूंना पेढे करायचे झाले, तेव्हा लेखी मागणी आल्याखेरीज ठसा देऊ नये असा मला हुकूम झाला. काकूंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आबांकडून मागणी लिहवून घेतली, ती आबांनीच मला आणून दिली, मी ठसा आबांना दिला आणि आबांनी तो काकूंना. चूल पेटवून वाट बघत बसलेल्या काकू म्हणाल्या, "एवढ्या वेळात गणपती विसर्जन होऊन परत आला असता."

रोज सकाळी दरबार भरे. आबा ओसरीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसत आणि विहिरीवर, परसात, कामावर जाणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोरून वर्दी देऊन जाई.

"आरमार, पाणी किती हात?"

"बारा हात, आबा. दोर विरलाय."

"चान्सेलर, काही तंटा?"

"सध्या नाही. आरमाराचा मुलगा माझ्या पोत्यातली रुई उपसतो तेवढंच."

त्या दरबारातलं सगळ्यांत मोठं माणूस खोलीत राहतच नव्हतं. नवशी नावाची एक आगरीण खाडीपलीकडून, कळव्याहून भाजी घेऊन येई, कधी सुके सोडे आणी. खाडीपलीकडची, म्हणून तिला आबांनी परराष्ट्र खातं दिलं होतं. परराष्ट्राला खोली नसते, पायरी असते, असं ते म्हणत. पायरीवर पाटी उतरली की आबा चष्मा सारखा करून विचारत, "बोला. कळव्याची काय खबर?"

"खबर काय आसनार आबा? पुलाखालशी पानी चढलंय. आमच्या भावजयीचा बाप आलाय, जायचं नाव घेत नाय. वांगी घेताव का?"

"तहाची बोलणी गृहखात्याशी," आबा म्हणत आणि काकू बाहेर येऊन वांग्यांवरून तासभर तह करत.

राजीनाम्याचाही एक नियम होता. हुद्दा खोलीचा, तेव्हा जो हुद्दा सोडील त्याला खोलीही सोडावी लागेल. विहिरीच्या दोरावरून आरमाराचं आणि काकूंचं वाजलं, तेव्हा जेलवाल्यांनी रागाच्या भरात कागदावर राजीनामा लिहून दिला. संध्याकाळी राग उतरला आणि भाड्याची दुसरी खोली कुठे शोधायची या विचाराने त्यांचा चेहरा पडला. आबांनी कागद वाचला, पुस्तक उघडून शेवटचं पान काढलं आणि म्हणाले, "महाराजांची प्रकृती बरी नाही. राजीनामे त्यांच्यासमोर ठेवता येत नाहीत. सबब नामंजूर." जेलवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून घरात कुणाचाही राजीनामा त्याच कारणासाठी नामंजूर होई. आम्ही म्हणायचो, महाराजांना आराम पडला तर आम्ही सगळे रस्त्यावर येऊ.

आता माझं पाप सांगतो. माझ्या जिभेला हाड नाही. चांगली गोष्ट ऐकली की ती दुसऱ्याला सांगेपर्यंत माझं पोट दुखतं, आणि त्या घरात तर दररोज एक गोष्ट घडत होती. आबांना मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या होता, कल्याणला तांदळाचा व्यापार करी. त्याची पोती आमच्या माल-ऑफिसातून जात. तो आला की माझ्यासमोर पानाचा डबा उघडून धरी आणि म्हणे, "काय, आमच्या काकांची नवीन खबर?" आणि मी सुटत असे. म्हशीची गोष्ट, पोत्याची गोष्ट, ठशाची गोष्ट. आबांचा आवाज काढून दाखवत असे मी. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे, मांडीवर थाप मारे आणि म्हणे, "परत सांगा हो, ती कुलपाची." मला कोण आनंद! असा ऐकणारा जन्मात मिळाला नव्हता. तो घरी जाऊन सगळं लिहून ठेवतो हे मला काय ठाऊक?

एके दिवशी आबांच्या नावाने ठाण्याच्या कोर्टातून कागद आला. पुतण्याने अर्ज केला होता, की काका वेडे झाले आहेत, त्यांना आपली मालमत्ता सांभाळता येत नाही, तरी त्यांना मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं आणि घराची व्यवस्था अर्जदाराकडे द्यावी. खाली कलमं होती. आबांना वाचवेना, म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचू लागलो आणि दुसऱ्या कलमापाशी थांबलो. ती वाक्यं माझी होती. माझ्या तोंडून निघालेली, माझ्या विनोदासकट, शब्दाला शब्द.

मी ते कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी धावपळ केली. सगळ्या भाडेकरूंनी मिळून एक वकील धरला, त्याच्याकडे मी खेपा घातल्या. वकील म्हणाला, "सोपं आहे. म्हाताऱ्याने एवढंच सांगावं, की ही सगळी थट्टा होती. थट्टा करणं हे वेड नव्हे." मी आबांना पढवू लागलो. ते ऐकून घेत आणि पुन्हा पुस्तक उघडत. शेवटी मी काकूंना पुढे केलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावून आपल्या कुंकवाची शपथ घातली, तेव्हा त्यांनी मान हलवली.

कोर्टात जज्जसाहेब गोरे होते. मराठी चांगलं बोलत, पण सावकाश, प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवून मग पुढचा उचलावा तसं. पुतण्याचा वकील मोठ्या उत्साहाने उभा राहिला.

"या इसमाने एका भाडेकरूला शिक्क्याचा मंत्री नेमलं आहे, आणि शिक्का त्याच्याकडे नाही. काम तर काहीच नाही."

"त्या मंत्र्याला काम नसतंच," जज्जसाहेब म्हणाले. "पुढे."

"एका शाळामास्तराला रुईच्या पोत्यावर बसवून हा न्याय करवतो."

"लोकरीच्या."

"जी?"

"आमचे लॉर्ड चान्सेलर लोकरीच्या पोत्यावर बसतात. रुई चूक आहे."

आबांनी खिशातून कागदाचा तुकडा काढून टिपून घेतलं. वकिलाने घाम पुसला आणि दोन कलमं गाळून एकदम हुकमाचं पान टाकलं. "साहेब, याने ड्यूक नसलेल्या एका डचीचा मंत्री नेमला आहे."

"ड्यूक आहे. राणीसरकार स्वतः ड्यूक आहेत."

"राणीसरकार बाई आहेत, साहेब."

"तरी ड्यूक आहेत."

वकील क्षणभर पुतण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असतील. पण तो मंत्री म्हैस आहे."

कोर्टात खसखस पिकली. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी आबांना विचारलं, "म्हैस का?"

आबा उभे राहिले. "हुद्दा खोलीचा आहे, साहेब. त्या खोलीत म्हैस आहे. ती काढली तर हुद्दा रिकामा राहील, आणि रिकाम्या हुद्द्याने कारभार अडतो."

"म्हैस काय काम करते?"

"दूध देते, साहेब. सकाळ-संध्याकाळ. बाकीच्या मंत्र्यांचं म्हणाल तर..."

"पुरे," जज्जसाहेब म्हणाले. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

नवशीलाही साक्षीला बोलावलं होतं. वकिलाने तिला विचारलं, की हा माणूस तुला परदेशातली समजतो, हे खरं का? ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खाडी हाय ना मधी? म्हंजे परदेसच ना? येडा नाय तो. आख्ख्या ठान्यात मना कलव्याची खबर इचारनारा यो एकच मानूस हाय."

मग वकिलाने शेवटचा प्रश्न आबांना टाकला. "या तुमच्या सरकारात राजा कोण आहे?"

"महाराजांची प्रकृती बरी नसते," आबा म्हणाले. "कारभार त्यांच्या नावाने चालतो."

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. पुस्तक मागवलं, पहिल्या पानावरचं साल पाहिलं, शेवटचं पान वाचलं. "त्या वर्षांत आमचे राजे खरोखरच वेडे झाले होते," ते सावकाश म्हणाले. "खोलीत एकटे बसत. आपल्याशी बोलत. मंत्री होते, हुद्दे होते, सगळं चाललं. राज्य बुडालं नाही." मग त्यांनी आबांकडे रोखून पाहिलं. "मला एकच सांगा. ही समोर बसलेली माणसं मंत्री आहेत, असं तुम्हाला खरोखर वाटतं का?"

आबांनी आमच्याकडे वळून पाहिलं. बाकावर मास्तर होते, जेलवाले होते, नवशी होती, मी होतो. ते एकेकाकडे बघत गेले. माझ्यापाशी आले तेव्हा मी डोळ्यांनी खूण केली, की बोला, पढवलंय ते बोला. ती खूण मी का केली, असं मला आजही वाटतं. न करून चालणार नव्हतं हेही मला माहीत आहे.

"नाही साहेब," आबा म्हणाले. "हे भाडेकरू आहेत. ही भाजीवाली आहे. थट्टा होती ती."

अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर आम्ही पेढे वाटले. पुतण्या पागोटं सावरत स्टेशनकडे गेला. आबा आमच्या पुढे वीस पावलं, एकटेच चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर दरबार नव्हता. आबा बसले होते, पण मांडीवर पुस्तक नव्हतं. जेलवाले विहिरीवरून मुद्दाम समोरून आले, थांबले, म्हणाले, "अकरा हात, आबा." आबा म्हणाले, "बरं." सातव्या खोलीचं कुलूप त्यांनी काढलं, खिडक्या उघडल्या आणि आत पलंग टाकून झोपू लागले. म्हशीला म्हैस म्हणू लागले. तिने मान वळवली नाही. मला "रेल्वेवाले" अशी हाक आली तेव्हा दुसऱ्या कुणाला मारली असेल म्हणून मी मागे वळून पाहिलं. येणारे-जाणारे मात्र म्हणत, आबा आता कसे माणसात आले. आले होते खरे. शहाण्या माणसासारखे भिंतीकडे तोंड करून तासन् तास बसून राहत.

नवशीने पायरीवर पाटी उतरवली आणि वाट पाहिली. आबा म्हणाले, "वांगी काय भाव?" तिने भाव सांगितला. जाताना मला आडबाजूला घेऊन म्हणाली, "आबांना झाला काय? आमच्या गायीनं काल दोन वासरा दिल्यान. दोन. आनि मना कोनी कलव्याची खबर इचारली नाय."

पंधरा दिवस असे गेले. आबांचं जेवण तुटलं. एके दुपारी काकू माझ्या दारात आल्या. "काल मी म्हटलं, गृहखात्यातलं मीठ संपलंय," त्या म्हणाल्या. "तर म्हणाले, आणतो. नुसतं आणतो. इतकी वर्षं मी त्या खात्याच्या नावाने बोटं मोडली, आणि काल मला रडू आलं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कागद तुम्ही वाचत होतात तेव्हा तुमचं तोंड मी पाहिलंय. तुम्ही केलंत हे. तुम्हीच निस्तरा."

मी रात्रभर तळमळलो वगैरे नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी ऑफिसला जाण्याआधी कागद घेतला आणि रीतसर लिहिलं, की अर्जदार लॉर्ड प्रिव्ही सील या जबाबदारीच्या हुद्द्यावर असता, राज्यातली सर्व गुपितं कल्याण परगण्यात पान खाण्याच्या लोभाने त्याने फोडली. कोर्टातल्या अर्जातली सर्व कलमं त्याच्याच तोंडची आहेत. तरी तो या हुद्द्यास लायक नाही. राजीनामा मंजूर व्हावा, म्हणजे खोली खाली करता येईल. पितळी तबकात ठसा ठेवला, त्याच्याखाली कागद, आणि सातव्या खोलीत जाऊन आबांसमोर धरलं.

आबांनी चष्मा खाली घेतला. दोनदा वाचलं. नक्कलनवीस माणूस, एकही अक्षर गाळलं नाही.

"तुम्ही?"

"हो."

"सगळं?"

"म्हशीसकट."

ते किती तरी वेळ तो लाकडी ठसा हातात घेऊन फिरवत राहिले. मला वाटलं, आता चालते व्हा म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी खरंच गेलो असतो. ते म्हणाले, "ठेवा तिथे." मी ठेवलं आणि कामावर गेलो. दिवसभर मालाच्या बिलट्या चुकवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर उंबऱ्यावर ठसा होता. खाली माझाच कागद, आणि समासात आबांच्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं स्वतःचं लिखाण असावं. "महाराजांच्या प्रकृतीस किंचित आराम आहे. तथापि राजीनामे वाचण्याइतपत नाही. सबब नामंजूर. शिक्का आपणाकडेच असावा."

सातव्या खोलीला कुलूप होतं. आबा ओसरीवर सतरंजीवर बसले होते, मांडीवर पुस्तक. मास्तरांचं गोणपाट उसवून बाजूला टाकलं होतं आणि शेजारी धनगराकडून आणलेल्या लोकरीचा ढीग होता. पायरीवर नवशी नुकती पाटी उतरवत होती.

"बोला," आबा तिला म्हणाले. "कळव्याची काय खबर?"

नवशीने आधी पदराने तोंड पुसलं आणि मग वासरांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मी तिथेच उभा राहिलो. मला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

पुढे आबा गेले, त्यांच्यामागून काकू गेल्या, आणि घर व्हायचं तसं पुतण्याचंच झालं. त्याने सगळ्यांत आधी सातव्या खोलीचं कुलूप तोडलं. मग घरातल्या वस्तूंची यादी करून ज्याच्याकडे जे असेल ते परत मागितलं. मी पळी दिली, पाट दिला, सतरंजी दिली. ठसा दिला नाही. तो घराचा नव्हता, हुद्द्याचा होता, आणि माझा राजीनामा मंजूर झालेला नाही. गणपतीत पेढ्यांसाठी बायको तो मागते, तेव्हा मी तिच्याकडून लेखी मागणी घेतो.